वेशीची हुबेहूब नक्कल

माणिकराव पडघान यांनी आयुष्यात एकही रेघ स्वतःच्या मनानं ओढली नव्हती. वाशीमच्या एका सरकारी कचेरीत ते ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि खालची रेघ शाईनं वर आणायची. खाली असेल ते वर आलं पाहिजे, खाली नसेल ते वर येता कामा नये, एवढाच त्या नोकरीचा धर्म. माणिकराव तो फार कडक पाळत. एकदा मूळ नकाशावर एक माशी चिरडलेली होती, ती त्यांनी पंखांसकट उतरवली. वरच्या कचेरीला ती विहीर वाटली आणि मंजूर झाली. विहिरीला पाणीही लागलं. गावानं इंजिनिअर साहेबांना हार घातला आणि माशीचं नाव कुठंच आलं नाही. माणिकरावांचं म्हणणं एवढंच होतं, की माशी होती म्हणून काढली.

नाव तसं त्यांचंही कुठं येत नसे. नकाशाच्या कोपऱ्यात ज्यानं काढला त्याचं नाव, ज्यानं तपासला त्याचं नाव, ज्यानं मंजूर केला त्याचं तर सहीशिक्क्यासह नाव. ट्रेसरला खाली एक चिमुकला चौकोन असे आणि त्यात आद्याक्षरं बसवावी लागत. अर्धा जिल्हा माणिकरावांच्या हाताखालून गेला होता, पण आपलं अख्खं नाव लिहिलेली एकही वस्तू जगात नाही, ही गोष्ट त्यांना अलीकडं जेवताना आठवू लागली होती. बायकोला, कस्तुराबाईंना, त्यांनी ती बोलूनही दाखवली.

“रेशनकार्डावर हाय नं,” कस्तुराबाई म्हणाल्या, आणि त्यांनी भाकरी वाढली.

ते आणीबाणीचं वर्ष होतं. एस.टी. वेळेवर येई, आणि लोकांना तशी सवय नसल्यामुळे ती रोज चुके. अशा शिस्तीच्या दिवसांत वाशीमला एक प्रदर्शन भरणार असं जाहीर झालं. तालुक्यातल्या जुन्या इमारतींच्या प्रतिकृती करून आणायच्या, त्या मापात हव्यात, आणि अकोल्याचे मोठे साहेब त्या पाहायला येणार. प्रत्येक प्रतिकृतीपुढं पाटी लागणार होती आणि पाटीवर करणाऱ्याचं पूर्ण नाव. माणिकरावांनी ते वाक्य कचेरीतल्या सूचनाफलकासमोर उभं राहून पुन्हा वाचलं आणि त्याच पावली घरी आले.

घर त्यांचं सोनवेढ्याला. मेडशीहून आत गेलं की सोनवेढं लागतं, आणि लागतं ते वेशीपासून. गावाचा कोट केव्हाच गेला, त्याचे दगड गावातल्या जोत्यांना आणि उंबऱ्यांना लागले, पण वेस तेवढी राहिली. दोन बुरूज, मध्ये कमान. दोन्ही बाजूंनी रान मोकळं असल्यामुळं तिच्यातून जायची कुणावर सक्ती नव्हती, तरी माणूस वळसा घालून कमानीतूनच जाई. ती बांधली कुणी यावर गावात तीन पक्ष होते आणि तिघांकडंही पुरावा नव्हता. बाकी वेस रिकामी मात्र नव्हती. उजव्या बुरजाला टेकून भागिरथाबाईचं भज्याचं छप्पर होतं. नवरा गेल्यापासून त्या छपरावरच तिचं चाललं होतं. कमानीखाली गोविंदसिंगाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. आणि डाव्या बुरजाला भिंत जोडून सरपंच उकंडरावांनी बैलांचा गोठा केला होता. सरपंचांचा असल्यामुळं त्याला गोठा न म्हणता ‘ती जागा’ म्हणत.

पहिल्या दिवशी माणिकराव टेप घेऊन वेशीपाशी गेले तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला शेजारचे पुंजाजी आले. पुंजाजी दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. जगातल्या कोणत्याही विषयावर त्यांच्याकडं एक सल्ला तयार असे आणि तो ते दिवसातून तीनदा देत.

“हे काय मोजून राह्यले बाबू?” भागिरथाबाईनं झारा हातात धरून विचारलं.

“वेस. तिची प्रतिकृती करतो.”

“म्हंजे?”

“म्हंजे लहान वेस.”

“हे एवढी मोठी उभी हाय, मंग लायनी कायले?”

माणिकरावांनी टेपवरचा आकडा वाचायला घेतला. उत्तर पुंजाजींजवळ होतं. “मोठी वाशीमले नेता येत नाई,” ते म्हणाले.

तासाभरात गावात बातमी गेली, की सरकार वेस वाशीमला नेत आहे. दुसऱ्या तासात ती सुधारली: वेस इथंच राहणार, पण रस्ता रुंद होणार. संध्याकाळी माणिकरावांच्या ओट्यावर चार माणसं येऊन बसली. टेप आपल्या घरावरून गेला असेल तर तो जरा शेजाऱ्याच्या घरावर सरकवावा, अशी प्रत्येकाची एकट्यात विनंती होती. माणिकरावांनी प्रत्येकाला ट्रेसरचा धर्म समजावून सांगितला. प्रत्येकजण मान डोलावून उठला आणि जाताना म्हणाला, “तरीबी पाहाजा.”

लांबी झाली, रुंदी झाली. अडलं ते उंचीपाशी. शिडी गावात एकच, सरपंचांची, आणि तिच्यावर त्यांच्या घरच्या वड्या वाळत होत्या. तेव्हा पुंजाजींनी सल्ला दिला, की भागिरथाबाईच्या छपरावर उभं राहिलं तर हात बुरजाच्या कंगोऱ्यापर्यंत जाईल. हात गेलाही. माणिकरावांनी टेप वर टेकवला, खाली पाहून पुंजाजींना आकडा सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांचा उजवा पाय गंजका पत्रा फोडून मांडीपर्यंत खाली उतरला.

खाली भागिरथाबाई बेसन कालवत होती. पायाचा शेवट बेसनात झाला.

छपराखाली गिऱ्हाईक बसलं होतं. सगळ्यांनी वाकून पायाकडं पाहिलं.

“कोनाचा पाय हाय हा?” भागिरथाबाईनं विचारलं.

“चप्पल तं नोकरीवाल्याची दिसते,” एकजण म्हणाला.

वर माणिकराव तसल्या अवस्थेतही टेप सोडायला तयार नव्हते. टेप सोडला तर माप पुन्हा घ्यावं लागलं असतं. त्यांनी आकडा सांगितला, पुंजाजींनी तो पाठ केला, मग गोविंदसिंगानं छपरावर चढून त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. “माणिकबाबू, पंक्चर बडा है,” गोविंदसिंग पत्र्याकडं पाहून म्हणाला. पायातलं बेसन धुवायला भागिरथाबाईनंच पाणी दिलं, पण चेहरा बरा नव्हता. सबंध दिवसाचं पीठ गेलं होतं. माणिकराव भरपाईचं बोलू लागले तेव्हा तिनं हात आडवा केला.

“ते राहू द्या. तुमच्या त्या लायन्या वेशीत माह्यं छप्पर पायजे.”

“अवं पण बाई, वेस जुनी. तुह्यं छप्पर कुठं जुनं हाय?”

“मी विधवा झाली तवापासून हाय. मोठे सायेब ते पायतीन नं? मी त्यात नसली तं म्हंतीन, हे बाई मंधातच कुठून आली? अन् असली तं म्हंतीन, हे तं आपल्या चित्रातच हाय. मंग मले कोनी उठोत नाई.”

माणिकरावांना यात चुकीचं काही दिसेना. उलट विचार केला तर बाईचं म्हणणं त्यांच्या धर्माला धरूनच होतं. खाली छप्पर आहे, तर वर आलं पाहिजे. जुन्या काळची स्वच्छ वेस करायची हा त्यांचा मूळचा बेत होता, पण जुन्या काळची वेस त्यांनी पाहिली नव्हती, आणि न पाहिलेली रेघ ते ओढत नसत. त्यांनी छप्पर कबूल केलं. पत्र्याला पडलेलं भोक भागिरथाबाईनं तेलाचा डबा फाडून बुजवलं होतं, ते ठिगळही कबूल केलं.

छपराची बातमी फुटली आणि गोविंदसिंग आला. “बाईची झोपडी है, तो मेरा दुकान क्यों नहीं?” त्याचं दुकान आलं, दुकानापुढं टांगलेला टायर आला, हवा भरायचा पंप आला. मग चावडीकडून म्हातारे आले आणि त्यांनी ते रोज बसतात तो दगड घालायला लावला. एकानं दगडावर स्वतःला बसवायची गळ घातली. माणिकरावांनी माणसं घेत नाही असं बजावलं, तेव्हा तो म्हणाला, “मंग टोपी तरी ठेवा.” दगडावर टोपी ठेवली गेली.

फक्त एक माणूस उलट्या कामासाठी आला. सरपंच उकंडराव स्वतः चालत ओट्यावर आले, चहा प्याले, आणि जाता जाता म्हणाले, “माणिकराव, ती जागा काई दाखवू नका. गोठ्यानं शोभा जाते.”

“शोभा जाईन, पण गोठा हाय नं?”

“हाय. पण कायले?”

“खाली हाय तं वर येईन,” माणिकराव म्हणाले. सरपंचाला तोंडावर नाही म्हणायचा त्यांच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग. सरपंच गेल्यावर त्यांना एकूण बरं वाटत होतं. उकंडराव एवढे नम्र का झाले, हा प्रश्न त्या बरं वाटण्यात त्यांना पडलाच नाही.

फुटाला एक इंच असं प्रमाण धरून काम सुरू झालं. कचेरीतल्या कागदाच्या खोक्यांचे पुठ्ठे, ज्वारीच्या धांड्यांमधला गाभा, आणि चिकटवायला कस्तुराबाईंनी शिजवून दिलेली कणकेची खळ. पुंजाजी तेव्हाच म्हणाले होते, की खळीत मोरचूद घाला. पण ते कणकेला, पुठ्ठ्याला आणि हवामानालाही मोरचूदच सांगत, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. सकाळी उठून पाहतात तर उंदरांनी डावा बुरूज खाल्ला होता. शत्रूला जे कधी जमलं नाही ते झालं, असं पुंजाजी सगळ्या गावाला सांगत फिरले. माणिकरावांनी उंदरांवर विष म्हणून मोरचूद आणला आणि बुरूज पुन्हा उभा केला. रंग कस्तुराबाईंनी घोटून दिला: चुना, काव, थोडं काजळ. दगडाचा रंग इतका जमला, की दाराशी आलेल्या शेजारच्या बेबीबाईनं त्याला हात लावून पाहिला आणि म्हटलं, “गार हाय वं माय.” तो गार नव्हता. पुठ्ठा कशाचा गार.

पण माणिकरावांना त्या दिवशी जेवण गोड लागलं. त्यांनी एका फळीवर, वळणदार अक्षरांत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. ते इतकं लांब आहे हे त्यांना कधी जाणवलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या सकाळी वेस खोलीतून बाहेर काढायला घेतली आणि ती दारातून निघेना. आडवी निघेना, उभी निघेना, तिरकी धरली तर भागिरथाबाईचं छप्पर चौकटीला घासे. मापात ज्याचा हात कुणी धरला नसता त्या माणसानं घरच्या दाराचं माप घेतलं नव्हतं. ओट्यावर गाव जमलं होतं. कुणी वेस अर्धी कापा म्हणालं, कुणी खोलीची भिंत पाडा म्हणालं. पुंजाजींनी दोन्ही सुचवलं.

“चौकट काढा,” कस्तुराबाई आतून म्हणाल्या. आवाज असा होता, की सुताराला कुणी बोलवायच्या आधी तो आला. लग्नानंतर स्वतःच्या हातानं चुन्यानं रंगवलेली ती चौकट त्यांनी ओट्यावर उभी करून ठेवली आणि नवऱ्याकडं पाहिलं नाही. “नंबर आला नाई तं तिथूनच नोकरीवर जा,” एवढंच म्हणाल्या.

बैलगाडीत कडबा पसरून वेस ठेवली. छोटी वेस मोठ्या वेशीतून गेली तेव्हा भागिरथाबाईनं आपलं छप्पर पाहिलं आणि ठिगळाला बोट लावून हसली. मग भजी झाकून, धुतलेलं लुगडं नेसून तीही गाडीच्या मागं निघाली. गोविंदसिंगानं पागोटं बांधलं. दगडावरचे म्हातारे एस.टी.नं गेले, आणि वेळेवर सुटल्यामुळं त्यांतले दोघे राहिले.

वाशीमच्या शाळेच्या हॉलात प्रतिकृती मांडल्या होत्या. कुणी साबणाचं देऊळ आणलं होतं, कुणी काडेपेट्यांचा किल्ला. माणिकरावांची वेस मांडली तसे लोक तिच्याकडंच येऊ लागले. सोनवेढ्याची माणसं वेशीमागं रांगेत उभी होती. जो येईल त्याला भागिरथाबाई सांगत होती, “हे माह्यं. हे गोविंदसिंगाचं. हे सरपंचाचं.” उकंडराव खांबाच्या आड होते.

मोठे साहेब आले. सोबत हाताखालचे दोघे आणि एक कारकून. साहेब साबणाच्या देवळापुढून पटकन आले आणि वेशीपुढं थांबले. वाकून पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं. “वा!” ते म्हणाले. “कुणी केली?”

“मी साहेब. माणिकराव पडघान. फुटाला एक इंच.”

“आणि हे काय?”

“हे भज्याचं दुकान, साहेब.”

“वेशीला टेकून आहे?”

“अगदी टेकून, साहेब. मध्ये बोटभर जागा नाही,” माणिकराव अभिमानानं म्हणाले. “हे सायकलदुरुस्ती. कमानीच्या आत. हा गोठा, याची भिंत बुरजातच बांधलेली आहे.”

साहेब ताठ झाले. ते कारकुनाकडं वळून म्हणाले, “सोनवेढं. अतिक्रमण. लिहून घ्या. सुंदर काम आहे हो, आपल्याला वेगळी पाहणीच नको.”

कारकुनानं पेन काढलं. त्या वर्षी हा शब्द ज्या गावापुढं लिहिला जाई तिथं आठवड्याच्या आत ट्रक येई, आणि त्याची शहानिशा मागाहून होई. माणिकरावांना हे ठाऊक होतं, कारण तसले नकाशे त्यांच्याच टेबलावर येत. पाडायच्या जागांवर तांबड्या शाईनं तिरप्या रेघा मारायच्या असत, आणि त्या त्यांनी समान अंतरानं, एकही न थरथरता, मारल्या होत्या. पलीकडं माणसं राहतात हे ट्रेसिंगच्या कागदावरून दिसत नाही. इथं मात्र चौकोनाला ठिगळ होतं, आणि ठिगळाची मालकीण धुतलेलं लुगडं नेसून मागं उभी होती. माणिकरावांना त्या क्षणी स्वतःच्या अचूक हाताचा राग आला.

“साहेब,” ते म्हणाले, “ते खरं नाही.”

“काय खरं नाही?”

“छप्पर, दुकान, गोठा. शोभेसाठी घातलंय. माझ्या मनचं आहे सगळं. तिथं काही नाही.”

आयुष्यात हे वाक्य ते पहिल्यांदाच बोलत होते आणि ते त्यांच्या तोंडी फार वाईट बसलं. कारकुनाचं पेन थांबलं. आता सगळं पार पडलं असतं. पण मागून भागिरथाबाई पुढं आली.

“खोटं हाय, सायेब! नाई कसं? मी हावो नं तिथं! हे पाहा माह्या पत्र्याचं ठिगय!”

माणिकरावांनी तिला डोळ्यांनी खुणावलं.

“मले डोये कायले मारून राह्यले?” भागिरथाबाई साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “एवढं पीठ नासवलं माह्यं, अन् आता सायबापुढं मी हावोच नाई म्हंता?”

“मेरा दुकान भी है साब,” गोविंदसिंग म्हणाला. “बीस साल से.”

साहेबांनी एकदा बाईकडं पाहिलं, एकदा माणिकरावांकडं. “रविवारी मी स्वतः सोनवेढ्याला येतो,” ते म्हणाले. “ही प्रतिकृती तिथंच ठेवा. शेजारी शेजारी ठेवून पाहू.” आणि ते काडेपेट्यांच्या किल्ल्याकडं गेले.

परतीच्या गाडीत माणिकरावांनी अतिक्रमण म्हणजे काय, ट्रक म्हणजे काय, तांबड्या रेघा म्हणजे काय, ते सगळं सांगितलं. भागिरथाबाईनं तोंडावर पदर घेतला.

“मंग हे आधी सांगाले काय झालं होतं?”

“मी खुणावलं नं.”

“मले वाटलं येडे झाले.”

हे ऐकून घेत घेत सरपंच उकंडराव गाडीच्या बाजूनं चालत होते. ते एवढंच म्हणाले, “मी तवाच म्हनलं होतं, शोभा जाते.” माणिकरावांनी मान खाली घातली. मग सरपंच थांबले, सगळे थांबले, आणि रस्त्यातच ठरलं, की रविवारी वेशीला काही टेकलेलं असू नये.

रविवारी सकाळी सोनवेढ्यानं जे काम केलं तसं पूर्वी कधी केलं नव्हतं आणि पुढंही केल्याचं ऐकिवात नाही. भागिरथाबाईचा पत्रा पुंजाजींच्या माळवदावर गेला, चूल आणि कढई कस्तुराबाईंच्या स्वयंपाकघरात. चौकट नसल्यामुळं न्यायला सोपं गेलं. गोविंदसिंगाच्या सायकली ज्यांच्या होत्या त्यांच्या घरी, पंक्चरसकट पोचल्या. बैल गावभर वाटले गेले. आणि ज्या भिंतीबद्दल ग्रामपंचायतीत नुसता विषय काढला तरी सभा संपत असे, ती भिंत सरपंचांनी पहिला घाव घालून पाडायला लावली. दगडावरच्या टोपीवाल्यालाही घरी बसवलं. दुपारी जीप आली तेव्हा वेस अशी उभी होती, की गावातल्याच लोकांना ती ओळखायला वेळ लागला.

चौकात बाजेवर प्रतिकृती ठेवली होती. साहेब एकदा तिच्याकडं, एकदा वेशीकडं बघत फिरले.

“इथं छप्पर?”

“नाही साहेब,” माणिकराव म्हणाले.

“इथं गोठा?”

“नाही.”

“दुकान?”

“नाही साहेब. मी म्हटलं होतं.”

“तुम्ही नोकरी काय करता, पडघान?”

“ट्रेसर, साहेब.”

“ट्रेसर,” साहेब कारकुनाकडं पाहून म्हणाले, आणि कारकून हसला. माणिकरावांना ते लागलं. सगळं गाव ऐकत होतं. त्या सगळ्या गावाला प्रतिकृती कशी होती ते माहीत होतं, आणि त्यातल्या एकालाही तोंड उघडता येत नव्हतं. माणिकरावांनी ‘होय साहेब’ म्हटलं.

“आणि बाई, तुम्ही वाशीमला होतात ना? ‘मी तिथं आहे’ म्हणालात.”

“मी?” भागिरथाबाई म्हणाली. “मी तं मेडशीची, सायेब. लेकीकडं आली.”

“पण ते ठिगळ...”

“म्हनलं असीन. या वयात कोनतं ठिगय कुठलं ते ध्यानात राह्यते काय?”

साहेब निघालेच होते. जाता जाता त्यांनी सहज उजव्या बुरजाला हात टेकवला आणि हात काळा झाला. त्यांनी बुरजाकडं पाहिलं. दगडावर, पुरुषभर उंचीपर्यंत, दाट काजळी चढली होती. मग प्रतिकृतीकडं पाहिलं. तिथंही, त्याच बुरजावर, तेवढ्याच उंचीवर, काजळाचा तोच डाग होता. खाली होता म्हणून माणिकरावांनी वर आणला होता. छप्पर उतरवलं, चूल हलवली, पण काजळी घासायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“हे काय आहे?” साहेब म्हणाले.

सरपंच आभाळाकडं बघू लागले. भागिरथाबाईनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला घेतली.

“लढाई, सायेब,” पुंजाजी म्हणाले.

“कसली?”

“पेंढाऱ्यांची. वेस पेटवून देली होती. आमच्या आज्या-पंज्यानं सांगतलेलं हाय.”

साहेबांनी बोटं नाकाशी नेली. “पण याला तर तेलाचा वास येतो.”

माणिकरावांनी डोळे मिटले. पुंजाजींना मात्र क्षणभरही अडलं नाही. “येईनच नं सायेब. वरून उकयतं तेल वतत होते, दुश्मनावर.”

साहेबांनी बोटं रुमालाला न पुसता तशीच धरली, आणि बुरजाकडं पाहताना त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. शाळेत असताना त्यांना इतिहासाचं फार वेड होतं, असं ते म्हणाले. मग माणिकरावांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताची काजळी सदऱ्याला लागली. “बाकी तुम्ही कल्पना लढवलीत, पण हा डाग सोडला नाहीत. शाबास! ते छप्पर-बिप्पर काढून टाका, डाग ठेवा, आणि ही अकोल्याला पाठवा.”

माणिकरावांनी ब्लेडनं छप्पर काढलं, टायर काढला, गोठा काढला, टोपीही काढली. खरी वेस होती तिची खोटी झाली आणि अकोल्याला गेली. तिथून प्रमाणपत्र आलं: श्री. माणिकराव पडघान यांनी तयार केलेली सोनवेढे येथील वेशीची प्रतिकृती हुबेहूब असल्याबद्दल. पूर्ण नाव, ठळक टायपात. कस्तुराबाईंनी ते भिंतीला लावायला खिळा आणून दिला. माणिकरावांनी प्रमाणपत्र पेटीच्या तळाशी घातलं आणि खिळा परत केला. “असू दे. चौकट बसवाले लागन,” ते म्हणाले.

जीप गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून वेशीला माणसं पुन्हा टेकू लागली होती. गोविंदसिंग आला, दगडावर टोपी आली. पण भागिरथाबाई पत्रा उतरवून घेते आहे तोच अकोल्याहून लोखंडी पाटी आली. रंगवायचं काम कचेरीनं ट्रेसरलाच दिलं. उजव्या बुरजावर, जिथं चूल होती बरोबर तिथं, माणिकरावांनी डबा आणि कुंचला घेऊन अक्षरं काढली. भागिरथाबाई डोक्यावर कढई घेऊन मागं उभी होती.

“काय लिवलं बाबू?”

माणिकरावांना वाचून दाखवणं जड गेलं. “ही काजळी ऐतिहासिक आहे. हिला हात लावू नये. जवळपास विस्तव पेटवू नये.”

“म्हंजे मले उठोलंच.”

“माह्या हातानं झालं, बाई,” माणिकराव म्हणाले. त्यांच्या हातातला कुंचला खाली टपकत होता. छप्पर वाचवायला ते भरल्या हॉलात खोटं बोलले होते, खोटे ठरले होते, आणि तरी पाटी त्यांनाच लिहावी लागली होती. त्यांना खरोखर रडू येत होतं.

भागिरथाबाईनं काजळीकडं पाहिलं. वीसेक वर्षांची भजी त्या दगडावर चढली होती. मग तिनं डाव्या बुरजाकडं पाहिलं. तिथली भिंत सरपंचांनी स्वतः पाडली होती, आणि इथं कधी काही नव्हतं असं साहेबांसमोर कबूल झालेलं असल्यामुळं त्यांना ती पुन्हा बांधता येत नव्हती. ती तिकडं गेली, कढई उतरवली, तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. धूर उघड्या पडलेल्या दगडावरून वर चढायला लागला. सरपंच ओट्यावरून पाहत होते.

“असे तोंड पाडून कायले उभे राह्यले?” भागिरथाबाई माणिकरावांना म्हणाली. “या, गरम हाय. दहा-वीस वर्सं जाऊ द्या, बाबू. मंग इकडल्या बुरजावरबी लढाई झाली म्हना.”